मुकं जाकीट

धनवंताबाई उईके माझ्या दुकानात पहिल्यांदा आली ती भांडायलाच. कोहमाऱ्याच्या चौकात माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. ट्रकवाले, धाबेवाले आणि जंगलाकडच्या खेड्यांतली माणसं हे माझं गिऱ्हाईक. तिनं काउंटरवर एक फोन आपटला आणि म्हणाली, हा लागत नाही, दुरुस्त कर. मी फोन चालू केला, माझाच नंबर फिरवला, माझ्या खिशात घंटी वाजली. फोन ठणठणीत होता. दुसरं कोणी असतं तर खूश झालं असतं. हिचा राग आणखी चढला. इथं लागतो, मग तिथं नाल्यात का लागला नाही, असं तिनं विचारलं, आणि ते विचारणं हायवेच्या पलीकडच्या धाब्यावरही ऐकू गेलं असणार.

फोन तिच्या नवऱ्याचा होता, पुनारामचा. मोह वेचायला गेलेल्या पुनारामला अस्वलानं फाडलं होतं. मोहाच्या दिवसांत आमच्याकडे अस्वल आणि माणूस दोघंही पहाटे त्याच झाडाखाली येतात, दोघांनाही तीच फुलं हवी असतात. पुनाराम घसरत नाल्यात गेला आणि दिवसभर तिथं पडून फोन लावत राहिला. माणसं शोधत पोचली तेव्हा ऊन उतरलं होतं. जीव वाचला, पण उजवा हात कायमचा गेला आणि एक डोळाही.

मी तिला समजावलं की बाई, फोनचा दोष नाही, तिकडे टॉवरच पोचत नाही. तिनं ऐकून घेतलं आणि मग मलाच धरलं. दुकान मांडून बसला आहेस, लोकांना फोन विकतोस, मग कुठं लागतो आणि कुठं लागत नाही हे कोण सांगणार? माझं नाव उमेंद्र पटले, आणि डोकं माझंही काही थंड नाही. मीही आवाज चढवला. शेवटी शेजारचा चहावाला मुन्नालाल दोन कप चहा घेऊन मध्ये उभा राहिला, म्हणून ते थांबलं. चहा पिताना ती एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बोलत होती. माणूस जंगलात पडला तर त्यानं हाक कशी मारायची?

पुढच्या साली तिनं नवऱ्याची जागा धरली. नागझिऱ्याच्या बाजूच्या जंगलात उन्हाळाभर आगीवर लक्ष ठेवायला वनखात्याचे मजूर असतात, त्यांना गावात फायरवाले म्हणतात. पानगळ झाडून जाळरेषा, म्हणजे आग अडवणारी मोकळी पट्टी, साफ ठेवायची, धूर दिसला की धावायचं, ओल्या डहाळ्यांनी आग बडवायची. पुनाराम फायरवाला होता, आता बायको झाली. साजटोल्यातल्या, म्हणजे तिच्या गावातल्या माणसांना हे जड गेलं, कारण आग लावणारे बरेचदा गावातलेच असतात. मोहाखालचा पाला पेटवला की जमीन साफ होते, फुलं पटकन दिसतात, आणि हवा फिरली की आग जंगलात शिरते. धनवंताबाई स्वतःच्या झाडाखाली खराटा मारायची आणि दुसऱ्याच्या झाडाखाली धूर दिसला की तिथं जाऊन त्याच्या सात पिढ्या काढायची. सख्ख्या दिराला तिनं भर गावात हाताला धरून फरफटत नेलं आणि त्यानं पेटवलेला पाला त्यालाच विझवायला लावला. तिच्या तोंडाला गाव भ्यायचं. मला मात्र ती बाई तेव्हापासूनच आवडायला लागली.

मग फायरवाल्यांसाठी ती जाकिटं आली. नागपूरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजची चेतना नावाची मुलगी ती घेऊन आली. मुलगी आपली गोंदियाचीच, पीएच.डी. करत होती, मराठीत सुरू झालेलं वाक्य हिंदीत संपवायची. जाकिटांच्या खिशातल्या डब्या चार्ज करून द्यायला तिला जवळचा माणूस हवा होता, म्हणून माझ्याकडे आली. वायरलेस सेटच्या ॲन्टेनाची काडी बांबूत आणि रायमुनियाच्या झुडपात अडकून मोडते, आणि आग बडवताना सेट धरायला हात मोकळा नसतो. चेतनाचा ॲन्टेना म्हणजे तळहाताएवढा काळा पट्टा होता, जाकिटाच्या खांद्यात शिवलेला. रबरासारखा वाकायचा, दुमडला तरी काम करायचा. त्याला ती पॉलिमर नॅनोकंपोझिट म्हणायची. म्हणजे काय, असं मी विचारलं, तर तिनं न कंटाळता सांगितलं. रबराच्या जातीचा मऊ पदार्थ घ्यायचा आणि त्यात कार्बनच्या अतिशय बारीक नळ्या कालवायच्या, इतक्या बारीक की शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखालीही दिसणार नाहीत. त्या नळ्या आतल्या आत एकमेकींना हात देऊन साखळी धरतात आणि साखळीतून वीज वाहते. आत तार नाही, म्हणून तुटायला काही नाही. खिशातल्या डबीतून, मोबाइल टॉवरशिवाय, माणसाचा ठावठिकाणा जंगलातल्या वनखात्याच्या कुटीवरच्या टॅबलेटवर जायचा आणि अडचण आली तर दाबायला डबीवर लाल बटन होतं.

धनवंताबाईनं जाकीट अंगात घातलं आणि कोणाला न सांगता चालू लागली. ती थेट पुनाराम पडला होता त्या नाल्यात गेली, तिथं खाली बसली आणि बटन दाबलं. इकडे कुटीवर टॅबलेट वाजला. कुटीवरचा वनरक्षक कैलाश घाबरून धावत गेला, तर ही दगडावर बसून होती. त्याला म्हणाली, "आता हे कोनी अंगातून काढाचं नाई." मला हे कैलाशनं सांगितलं. म्हणाला, बाईचे डोळे भरले होते, पण मी बघतोय म्हटल्यावर माझ्यावरच खेकसली.

पण अंगातून न काढणं सोपं नव्हतं. पट्ट्यातून हवा जात नव्हती. खांदा घामानं भिजायचा, त्यावर पुरळ उठायचं आणि पट्ट्याची कड बरोबर तिथंच घासायची जिथं माणसं कावड घेतात. कॉलेजातल्या मुलांनी जाकीट बनियन आणि शर्टावरून घालून तपासलं होतं. कावड कोणी घेतली नव्हती. लोक जाकिटं काढून कुटीच्या खुंटीला टांगायला लागले. त्यांना मी दोष देत नाही.

खुंटीला टांगलेलं जाकीट टॅबलेटवर राखाडी दिसायचं. अंगावर असलं तर हिरवा ठिपका, काढून टाकलं किंवा सिग्नल गेला तर राखाडी. हे वनखात्याच्या साहेबांच्या लक्षात आलं आणि तिथूनच वाटोळं सुरू झालं. माणूस संकटात सापडला तर कळावं म्हणून आणलेली वस्तू, तिच्यावर हजेरी सुरू झाली. ठिपका राखाडी म्हणजे माणूस कामचुकार, अर्धा दिवस गैरहजर. चेतनानं सांगून पाहिलं की राखाडीचा अर्थ तेवढाच नसतो. तिच्या मोठ्या सरांनी तिला गप्प केलं, कारण खात्याला वस्तू आवडली आहे हे त्यांना नागपुरात सांगायचं होतं. मला आजही त्या सरांचा चेहरा आठवला की हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवावा लागतो.

धनवंताबाईला हजेरीचं काही पडलेलं नव्हतं. तिला जाकीट अंगावर हवं होतं. मग तिनं तेच केलं जे तिच्या आईनं केलं असतं. आमच्या झाडीपट्टीत मोहाच्या बियांचं तेल काढतात, त्याला टोरीचं तेल म्हणतात. नवी चप्पल चावली की टोरीचं तेल, बैलाचं चामडं कडक झालं की टोरीचं तेल, थंडीत टाच फाटली तरी तेच. तिनं सगळ्यांची जाकिटं घरी नेली, अंगणात बसून एकेक पट्टा तेलानं चोळला, कडा दाबून दाबून मऊ केल्या, रात्रभर मुरू दिलं आणि सकाळी पुसून परत दिलं. पट्टे लोण्यासारखे मऊ झाले. घासणं थांबलं, माणसांनी जाकिटं पुन्हा अंगात घातली. पाण्यात धुऊ नका, पिळू नका, उन्हात वाळत घालू नका, असं सगळं कॉलेजनं सांगितलं होतं. तेल लावू नका, असं सांगणं कोणाला सुचलं नव्हतं, आणि नागपुरात बसून ते सुचेल तरी कसं?

पहिले काही दिवस सगळं नीट चाललं. मग ठिपके राखाडी व्हायला लागले. आधी लांबच्या नाल्यांतले, मग जवळचेही. कैलाश ओरडायचा, साहेब गैरहजेरी लावायचे आणि माणसं शपथा घ्यायची की जाकीट अंगावर होतं. चुन्नीलाल नावाच्या मजुरानं तर बडादेवाची आन घेतली. कोणी विश्वास ठेवला नाही. मी डब्या तपासल्या, एकही बिघडलेली नव्हती. तसं कॉलेजला फोन करून सांगितलं. मोठ्या सरांचं उत्तर आलं की डबी चांगली आहे ना, मग लोक घालत नसतील.

आणि ह्यावर सगळ्यात आधी विश्वास कोणी ठेवला असेल, तर धनवंताबाईनं. तिची नेमणूक कुटीजवळच्या टेकरीवर होती. तिथून अर्धमेला सिग्नलही पोचायचा, म्हणून तिचा ठिपका कायम हिरवा असायचा. माझं चालतं, मग तुमचंच कसं बंद पडतं, असं ती लोकांना विचारायची. तिला वाटलं, आपण एवढी हाडं झिजवून पट्टे मऊ करून दिले तरी ही माणसं जाकीट फांदीला टांगून आपापल्या मोहाखाली वेचायला बसतात. दोघं-तिघं तसं करतही होते, तिनं त्यांना पकडलंही होतं. त्यामुळे बाकीच्यांचं खरं तिला खोटंच वाटायचं. गावाशी तिचं बोलणं जवळपास तुटलं. घरी पुनाराम तिला म्हणायचा की एवढं कशाला मनाला लावून घेतेस. त्यालाही ती बोलायची.

सुकराम मडावी हा त्यातलाच एक फायरवाला. लग्न होऊन दोन उन्हाळेही झाले नव्हते. स्वभावानं हसरा, कामात थोडा ढिला, धनवंताबाईला काकी म्हणायचा आणि तिच्या शिव्या हसत झेलायचा. त्या दिवशी सकाळपासून त्याचा ठिपका राखाडी होता. त्याची जागा होती नाल्यापलीकडच्या उतारावर आणि त्याची मोहाची झाडंही त्याच बाजूला. कैलाशनं टॅबलेट बघून सांगितलं, गेला मोह्याला. ते ऐकून सगळे हसले.

दुपारी त्या उतारावरून धूर उठला. ऊन असं होतं की पाला हातात घेतला तर चुरा व्हायचा. धनवंताबाई माणसं घेऊन टेकरीच्या टोकावर गेली. खाली नाला, नाल्यापलीकडे धूर, आणि ज्याची जागा तिथं तो सुकराम दिसत नव्हता. तिनं हाका मारल्या. उत्तर आलं नाही. मग तिच्या डोक्यात तिडीक गेली. त्यानंच पाला पेटवला आणि आग वाढल्यावर पळाला, असं ती धरून चालली. टेकरीवर उभी राहून ती त्याला नाही नाही ते बोलली. त्याच्या आईला, बायकोला, अजून न जन्मलेल्या पोराला, कोणाला म्हणून सोडलं नाही. तिथं असलेली माणसं म्हणतात की एवढ्या शिव्या त्यांनी तिच्याही तोंडून कधी ऐकल्या नव्हत्या. मग ती सगळ्यांना घेऊन दुसऱ्या अंगानं गेली, कारण आग त्या अंगानं आत शिरत होती. त्यांनी जाळरेषा धरली, आग तिथंच अडवली. कामात तिनं काही कसूर केली नाही.

आग विझल्यावर परतताना चुन्नीलाल पाण्यासाठी नाल्यात उतरला. सुकराम तिथं पडला होता, टेकरीच्या बरोबर खाली. सकाळी नाला ओलांडताना त्याचा पाय दोन दगडांच्या फटीत गेला होता आणि घोट्याचं हाड मोडलं होतं. नंतर आग नाल्याच्या काठच्या पाल्यावरून पुढं गेली. दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत भाजले होते. तेवढ्या उकाड्यात जाकीट अंगावर होतं, सगळी बटनं लावलेलं. ती डबी नंतर माझ्याकडे आली. तिचं लाल बटन आत खचून गेलं होतं, इतक्या वेळा त्यानं ते दाबलं होतं. डबी चालू होती. ती बिचारी शेवटपर्यंत पट्ट्याला सांगत होती आणि पट्टा पुढं काहीच सांगत नव्हता.

सुकरामला गोंदियाच्या दवाखान्यात नेलं. दुसऱ्या दिवशी चेतना एकटीच माझ्या दुकानात आली, त्याचं जाकीट घेऊन. तिनं ब्लेडनं शिवण उसवली. पट्टा फुगून जाड झाला होता, बोटाला निसटत होता, आणि दुकानभर टोरीचा वास पसरला. तिनं आपल्या यंत्रावर पट्टा लावून पाहिला, पुसून पुन्हा लावून पाहिला. मग तिनं मला सांगितलं. तेल पीत पीत पट्टा फुगत गेला, आतल्या नळ्या एकमेकींपासून लांब गेल्या, साखळी सुटली. एका दिवसात नाही, हळूहळू. घाम, पाऊस, हजारो वेळा वाकवणं, सगळं आम्ही तपासलं होतं भैया, असं म्हणाली, आणि माझ्या स्टुलावर बसून रडली. मला तिचा राग येत होता आणि तिची दयाही येत होती. मी पंखा तिच्याकडे वळवला.

धनवंताबाईला मीच सांगितलं. आणि हेही सांगितलं की तेलाचं कुठं बोलू नकोस. साहेब आणि मोठे सर दोष अडकवायला असाच गळा शोधत आहेत, तुझा सापडला तर तुला कामावरून काढतील आणि स्वतः मोकळे होतील. चेतना काही बोलणार नाही, मीही नाही. तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी बोलायचा थांबलो. माणूस भाजला आहे आणि तू मला काम जाईल म्हणून भीती घालतोस, एवढंच म्हणाली. त्या दिवशी तिनं आवाज चढवला नाही, तो चढवला असता तर बरं झालं असतं.

आठवड्याभरात सभा झाली. साहेब, मोठे सर, सगळे फायरवाले, गावातली माणसं. मोठ्या सरांना पट्ट्यात तेल सापडल्याचं कळलं होतंच. कॉलेजच्या यंत्रापासून काय लपणार? त्यांनी सफाईनं भाषण केलं. वस्तू उत्तम होती, परंतु वापरणाऱ्यांनी हाताळणी चुकीची केली. साहेबांनी मान डोलावली आणि वर जोडलं की या लोकांना चांगली वस्तू दिली तरी ते तिचं काय करतील सांगता येत नाही, शिवाय आग लावणारेही हेच. जाकिटं पोत्यात भरून परत न्यायची ठरली. समोर बसलेल्या माणसांनी मान खाली घातली. भाजलेला माणूस त्यांचा, मान खाली घालणारेही तेच. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण मला बोलायला कोणी उभं केलं नव्हतं.

धनवंताबाईला तरी कोणी उभं केलं होतं? ती उठली. "तेल मीनं लावलं," ती म्हणाली. "सगळ्या जाकिटाले मीनंच लावलं. कोनाचं नाव लिहाचं असन तं माहं लिहा." मोठे सर काही बोलणार होते, तिनं हात वर केला. "पन तो सकारपासून दिसत नव्हता, तं पाहाले कोन गेलं? तुमी नाई गेले. कैलाश नाई गेला. मी बी नाई गेली. जाकीट मुकं झालं, तं आपुन म्हनलो, पराला. पडला असन, असं काऊन नाई म्हनलो?"

साहेब म्हणाले की प्रत्येक राखाडी ठिपक्यामागे माणूस पाठवायचा तर तेवढी माणसं कुठून आणायची. हे खरंही असेल. पण ते वाक्य त्यांनी घड्याळ बघत बघत म्हटलं, आणि तेवढ्यासाठी मी त्यांना माफ करणार नाही. सभा संपली, पोती गाडीत टाकली गेली. तिला काढलं नाही, कारण तिच्या जागी यायला गावात कोणी तयार नव्हतं.

सुकराम दवाखान्यातून घरी आला तेव्हा पावसाळा लागला होता. त्याला भेटायला जायचं धनवंताबाई टाळत होती. जिनं वाघाच्या वाटेवर एकटीनं झाडू मारला, ती गावातल्या गावात चार घरं ओलांडायला घाबरत होती. शेवटी एकदा मीच साजटोल्याला गेलो असताना म्हटलं, चल, मी येतो बरोबर. सुकराम खाटेवर बसला होता, पाय मलमपट्ट्यांत गुंडाळलेले. त्याची बायको संध्या पोटुशी होती, ती आमच्याकडे न बघता आत गेली. धनवंताबाई खाली जमिनीवर बसली आणि तेलाचं सगळं सांगून मोकळी झाली. त्यानं मान हलवली, त्याला ते आधीच कळलं होतं. तेलाचं जाऊ दे काकी, म्हणाला.

मग तो म्हणाला, "तू टेकरीवरून बोलत होतीस ना, ते सारं आयकू येत होतं."

"मंग आवाज काऊन नाई देल्लास?"

"धूर गेला होता गऱ्यात. हात वर केलो. तू दुसरीकडं पाहून राह्यली होतीस."

तिनं पदराचं टोक मुठीत धरलं होतं. मग तिनं विचारलं, कुठपर्यंत ऐकलंस?

"तू जाईपर्यंत," सुकराम म्हणाला.

त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर तिला काहीतरी उलटून बोलता आलं असतं. मी बाहेर जाऊन गाडी चालू केली आणि उगाच एक्सलेटर पिळत उभा राहिलो, कारण मला कोणाचा तरी गळा धरायचा होता आणि समोर फक्त कोंबड्या होत्या.

या हंगामात नवी जाकिटं आली. चेतनानं मोठ्या सरांशी भांडून ती करून घेतली. पट्ट्याखाली आता सुती अस्तर आहे आणि वर तेल न पिणारी पातळ कातडी. धनवंताबाईकडून तिनं टोरीच्या तेलाचा डबा नेला आणि पट्टा त्यात महिनाभर बुडवून पाहिला. वस्तू सुधारली. टॅबलेट मात्र तसाच आहे आणि साहेबही. ठिपका राखाडी झाला की आजही गैरहजेरीच लागते.

फक्त आता ठिपका राखाडी झाला की धनवंताबाई चालू लागते. कैलाशला सांगते आणि निघते, कोणाची परवानगी घेत नाही. बहुतेक वेळा काही नसतं. डबी सैल झालेली असते, नाहीतर माणूस झोपलेला असतो. परवा चुन्नीलालचा ठिपका गेला. कैलाश म्हणाला, बाई, तो मोह वेचत असेल, तुला पण माहीत आहे. तिला माहीत होतंच. तरी ती ऐन उन्हात नाला उतरली, पलीकडचा उतार चढली आणि पोचली तर चुन्नीलाल जाकीट फांदीला टांगून टोपली भरत बसला होता. तो सांगतो, काकीला बघून मी टोपली मागं सरकवली. पण ती आधी काहीच बोलली नाही. जवळ आली, त्याला उभं केलं, चार पावलं चालून दाखव म्हणाली. त्यानं चालून दाखवलं. मग जे सुरू झालं ते कुटी येईपर्यंत थांबलं नाही, आणि बडादेवाची खोटी आन म्हणून तिनं जुन्या शपथेचाही हिशेब तिथंच चुकता केला, जी बिचाऱ्यानं तेव्हा खरी घेतली होती.

कुटीवर साहेब आलेले होते. त्यांनी तिलाच फैलावर घेतलं. आपली जागा सोडून कशाला गेलीस? माणूस कामचुकार आहे हे तुला ठाऊक होतं, शिव्याच घालायच्या होत्या तर टेकरीवरून घालता आल्या नसत्या का? मी त्या दिवशी डब्या द्यायला तिथंच होतो. ती उन्हानं काळवंडली होती, पदरानं मान पुसत होती.

"शिव्या देईन, साहेब," ती म्हणाली. "पन जवर जाऊन देईन. लांबून नाई देनार."